दशावताराचे चित्रीकरण: कॅमेऱ्यात, जतनासाठी आणि वाहिनीसाठी रिझोल्यूशन कोणते ठेवावे?

सिंधुकाठ

नमस्कार. येत्या जत्रांच्या हंगामात सिंधुदुर्गातील काही दशावतारी प्रयोगांचे चित्रीकरण करण्याचे आम्ही चौघांनी ठरवले आहे. या नाटकांना लिखित संहिता नसते आणि संवाद नट आयत्या वेळी रचतात, त्यामुळे त्या रात्रीचा प्रयोग तसाच पुन्हा कधी होत नाही. म्हणून जतन हा आमचा पहिला हेतू आहे. शिवाय एका वाहिनीने त्यातून अर्ध्या तासाचे भाग मागितले आहेत. आमचे दोन्ही कॅमेरे फोर-के आहेत. एक मित्र म्हणतो, वाहिनी एचडीच दाखवणार, तर डिस्क उगाच का भरायच्या. दुसरा म्हणतो, जतनासाठी एट-के कॅमेरा भाड्याने आणा. याखेरीज २००३ सालच्या चौदा मिनीडीव्ही फिती (जुन्या कॅमकॉर्डरच्या छोट्या व्हिडिओ फिती) हाती आल्या आहेत. त्या फोर-केमध्ये वाढवून ठेवाव्यात का?

संकलनमेज

तुमच्या दोन्ही मित्रांनी तीन वेगळे निर्णय एकत्र केले आहेत. वाहिनीला काय द्यायचे यावरून कॅमेऱ्यात काय भरायचे हे ठरवू नये.

चित्रीकरण फोर-केमध्ये, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलमध्येच करा. देवळासमोरच्या मांडावर कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे ठेवावा लागतो आणि नट पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. फोर-के चित्रात एचडीच्या चौपट पिक्सेल असल्याने संकलनाच्या वेळी चित्राचा एक चतुर्थांश भाग कापून घेतला तरी पूर्ण १९२० × १०८० उरते, म्हणजे एका कॅमेऱ्यातून दूरचे आणि जवळचे अशी दोन दृश्ये मिळतात. एट-केचा हट्ट मात्र सोडा. रात्रीच्या उजेडात चित्रात जो दाणा (बारीक ठिपक्यांची खरखर) उतरतो, तोच चौपट जागेत साठवण्यात काही हशील नाही.

माझ्या मते पिक्सेलपेक्षा फ्रेमची गती अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडची एचडी वाहिनी बहुधा १०८०आय५० मागते, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र). युद्धाची नृत्ये आणि तलवारींचे हात असलेल्या प्रयोगासाठी ५० फ्रेमने चित्रीकरण केले तर प्रत्येक फ्रेमपासून एक फील्ड तयार होते आणि हालचाल सलग दिसते. २५ फ्रेमही चालतात, हालचाल थोडी तुटक वाटते इतकेच. ३० किंवा ६० मात्र नकोच. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि १०० ला पूर्ण भाग न जाणाऱ्या गतीवर, शटरही त्याला जुळवलेले नसेल तर, चित्र थरथरते. एका कीर्तनमालेत माझ्याच चुकीने दुसरा कॅमेरा ३० फ्रेमवर राहिला होता. तो कॅमेरा संपूर्ण कार्यक्रमात अखेर फक्त चार वेळा वापरता आला.

एक गोष्ट आधी तपासा. काही कॅमेरे फोर-केमध्ये ५० फ्रेम निवडताच सेन्सरचा मधला भागच वापरतात. मग दृश्य अरुंद होते आणि अंधारात दाणाही वाढतो. तुमचा कॅमेरा असे करत असेल, तर मी २५ फ्रेम पत्करीन.

फीतघर

फितींविषयी लिहितो. मिनीडीव्हीचे चित्र ७२० × ५७६ असते आणि त्यावरची माहिती मुळातच डिजिटल असते. फायरवायर केबलने ती जशीच्या तशी संगणकावर उतरवा. तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे साठ मिनिटांच्या चौदा फितींना १८२ जीबी पुरतात. जतनाच्या प्रतीत चित्र वाढवू नका, इंटरलेसिंग (फील्डची एकाआड एक ओळींची रचना) काढू नका, रंगांना हात लावू नका. वाढवताना सॉफ्टवेअर जे तपशील भरते ते त्याचा अंदाज असतो, आणि नटाच्या चेहऱ्यावरची रंगरेघ त्या अंदाजातून आली की फितीतून, हे आणखी वीस वर्षांनी कोणालाही सांगता येणार नाही.

वाहिनीसाठी हवे तर त्या प्रतीवरून वेगळी प्रत बनवा. ४:३ चे चित्र १४४० × १०८० करून दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवावी. ताणून पडदा भरला तर संकासुर जाडजूड दिसेल. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते आणि एचडीत वरचे, हा क्रम चुकला की तलवार मागेपुढे धडपडते.

सिंधुकाठ

आभारी आहे. तपासले असता एक कॅमेरा फोर-के ५० ला सेन्सर कापतो, दुसरा कापत नाही. मग जतनासाठी फोर-के फायली प्रोरेस एचक्यूमध्ये (संकलनात वापरल्या जाणाऱ्या उच्च दर्जाच्या फाइल-प्रकारात) बदलून ठेवाव्यात का?

संकलनमेज

नको. फोर-के ५० फ्रेमचे प्रोरेस एचक्यू तासाला ६५० जीबीच्या वर जाते. तुमचा कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिटने लिहीत असेल तर मूळ फायली तासाला ९० जीबीत मावतात, आणि रूपांतराने त्यांत नवे काहीच येत नाही. मूळ फायली दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवा. संकलित भागांची फोर-के प्रत तेवढी प्रोरेसमध्ये काढा आणि तिच्यावरून वाहिनीसाठी १०८०आय५० ची फाइल बनवा. न कापणारा कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवून त्याला मांडाच्या समोर उभा करा, कारण युद्धाचे प्रसंग तिथूनच नीट दिसतात. दुसरा २५ वर ठेवून पेटी-मृदंगाच्या बाजूला लावा.