मदत हवी आहे: दूध सोडल्यावर पूजेतील पंचामृताचे काय करावे?

नमस्कार. आमचे घर माळकरी आहे. मांस-मासे पूर्वीपासूनच वर्ज्य आहेत आणि त्यामागची जीवदया मला मनापासून मान्य आहे. परंतु तोच विचार पुढे नेला तर दूधही घेऊ नये, असे आता तीव्रतेने वाटते. गोठ्यात रेडकू आधी कासेला लावतात, म्हैस पान्हवली की लगेच त्याला ओढून बाजूला बांधतात, आणि ते नर असेल तर त्याच्या वाट्याला पोटभर दूध अनेकदा येतच नाही. राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, मात्र म्हशी-रेड्यांना ते संरक्षण नाही, आणि आपल्याकडच्या चहात म्हशीचेच दूध किती असते हे आपण जाणतोच.

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की दूध काढताना जीव जात नाही, आणि दूध, दही, तूप, मध, साखर यांखेरीज पंचामृत होत नाही. त्यांचे मन मला दुखवायचे नाही.

वारकरी किंवा जैन घरांत राहून ज्यांनी दूध सोडले आहे, त्यांनी अभिषेक आणि नैवेद्य कसा निभावला? नारळाचे दूध चालवून घेणारे गुरुजी कोणाला भेटले आहेत का? वासराला पोटभर पाजून उरलेलेच दूध काढणारा व भाकड जनावर न विकणारा गोठा सातारा-पुणे भागात असल्यास तोही कृपया कळवावा; निदान पूजेपुरते दूध तिथून आणता येईल.