टोळांनी खाल्लेली वर्षं: तुमचे अनुभव लिहा

नोकरी गेली तेव्हा बायबलमधल्या यिर्मया 29:11 या वचनाखाली इतक्यांदा रेघ ओढली की पान फाटलं. मला त्यातले देवाचे 'हिताचे संकल्प' तेवढे दिसायचे. दीड वर्षाने वरची ओळ नीट वाचली, तर सुटकेला सत्तर वर्षं! बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्यांना लिहिलेलं पत्र ते. घरं बांधा, मळे लावा, म्हणजे मुक्काम लांबणार. खरं सांगतो, रागच आला. पण 'हे काय माझं काम नव्हे' म्हणून टाळलेली नोकरी त्याच आठवड्यात धरली. अजून तीच करतोय.

तुम्ही देवाचं अभिवचन धरून कसे राहिलात? अर्धवट राहिलेलं असेल तरी लिहा. देवाने काय केलं याची साक्ष म्हटली की सगळे शेवट गोड करूनच सांगतात, त्याचा मला कंटाळा आलाय.

* * *

आमचं बाळ गेलं तेव्हा भेटायला आलेल्या एका ताईंनी बायबलमधल्या ईयोबाचा दाखला दिला, ज्याची गुरंढोरं, मुलं सगळं गेलं आणि शेवटी परत मिळालं. "देव दुप्पट देतो बरं." मी गप्प राहिले. रात्री ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय काढून बोटाने मोजत बसले. मेंढरं 7,000 होती, ती 14,000 झाली. उंट 3,000 चे 6,000. बैल, गाढवी, सगळं दुप्पट. मुलं मात्र पुन्हा दहाच. सात मुलगे, तीन मुली. का बरं? मग वाटलं, मेंढरं गेली ती गेलीच, पण आधीची दहा मुलं देवाच्या हिशेबात अजून आहेत. हा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता, पुढे कळलं की तो जुनाच आहे. नंतर आम्हाला दोन मुलं झाली. कोणी "मुलं किती?" विचारलं की तोंडून आधी "तीन" निघतं. ते मी आता दुरुस्त करत नाही.

* * *

भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हता. परवा फोन आला, "आईची औषधं कोणती चालू आहेत?" एवढंच. माझ्यासाठी पुष्कळ झालं.

* * *

बायबलमधलं योएल 2:25 हे वचन मला व्यसनमुक्तीच्या काळात मिळालं. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई. माझ्याकडे टोळ बाहेरून आले नव्हते, दारू मीच पीत होतो. मुलीचं बालपण परत आलं नाही, येणारही नाही. पण गेल्या वर्षी तिने स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. "बाबा, मला यायला उशीर होईल, तुम्ही उघडून बसा." मी दारातच उभा राहिलो बराच वेळ.

* * *

माझं काहीच बदललेलं नाही. आजार सहाव्या वर्षात आहे. विजयाची गीतं म्हणवत नाहीत. रोज फक्त स्तोत्र 88 वाचते, कारण ते अंधारातच संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

* * *

88 वाल्या ताई, आज रात्री दहाला मीही तेच वाचेन. पुढे 89 वर जायची घाई नाही.