मदत हवी आहे: कातुल्लुसच्या 'इन्सुल्सा'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

रोमन कवी कातुल्लुसच्या काही छोट्या कविता मराठीत आणते आहे. दहावी कविता एका शब्दापाशी अडून बसली आहे: इन्सुल्सुस, स्त्रीलिंगी इन्सुल्सा. लॅटिन-इटालियन येणाऱ्यांनी तर सांगाच, पण नुसता मराठीचा कान असलेल्यांचंही मत हवं आहे.

प्रसंग असा. कवी बिथिनियाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागातून, रोमला परतला आहे. इ.स.पू. ५७-५६ च्या सुमारास तो तिथे गव्हर्नर मेम्मिउसच्या लवाजम्यात होता, आणि पदरात फुटकी कवडी पडलेली नाही. वारुस नावाचा मित्र त्याला फोरममधून, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातून, आपल्या मैत्रिणीकडे घेऊन जातो. कवीचं पहिलं मत: 'नॉन साने इल्लेपिदुम नेक्वे इन्वेनुस्तुम'. बोलायला-दिसायला काही वाईट नाही, असं. गप्पा बिथिनियावर येतात. निदान पालखीला गडी तरी आणले असशील, असं विचारल्यावर हा तिच्यापुढे भाव खायला ठोकून देतो, की आणले ना, चांगले ताठ आठ गडी! खरं तर एकही नाही. ती लगेच म्हणते, "मग दे ना मला थोडा वेळ, सेरापिसच्या देवळात जायचंय." कवीची तारांबळ उडते. ते गडी माझे नाहीत, मित्राचे, किन्नाचे, पण त्याचं काय नि माझं काय, असं काहीबाही सांगतो आणि शेवटी तिच्यावरच उखडतो: तू भलतीच इन्सुल्सा आहेस, तुझ्यापुढे माणसाला जरा सैल बोलायचीही सोय नाही.

शब्दाच्या पोटात 'साल' म्हणजे मीठ आहे. इन्सुल्सुस म्हणजे बिनमिठाचं, आणि त्यावरून बुद्धीची चमक नसलेलं, रंगत नसलेलं. आपला 'अळणी' तर हुबेहूब तसाच, अ-लवण. म्हणून आधी तोच लिहिला. पण "तू फारच अळणी आहेस" मोठ्याने वाचलं की राग उतरतच नाही, आमटीबद्दल तक्रार केल्यासारखं वाटतं. 'पांचट' विनोदाला शोभतं, शिवाय त्यात थोडा चावटपणा येतो. 'अरसिक' फार संस्कृत. 'रटाळ' तर ती मुळीच नाही, उलट चलाख आहे.

मीठ सोडून द्यायला मात्र मन धजत नाही. याच कवीची क्विन्तियावर एक कविता आहे (८६ वी). ती गोरी, उंच, सरळ बांध्याची, हे सगळं मान्य. पण एवढ्या देहात 'मीका सालिस', मिठाचा एक कण नाही. तिथे मला अडचण आली नाही, कारण आपलं लावण्यही लवणातूनच आलेलं. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विन्तिलिआनुसने वक्तृत्वावर लिहिताना हीच ओळ घेऊन बजावलं आहे की मीठ म्हणजे फक्त हसवणं नव्हे, ते बोलण्यातलं मसाल्यासारखं काहीतरी आहे, ज्याने ऐकणाऱ्याची तहान वाढते. इतका विचार झालेला शब्द 'कंटाळवाणी' म्हणून उरकायचा, हे मला पटत नाही.

इटालियनमध्ये 'इन्सुल्सो' अजून चालतो, फुसक्या विनोदाला किंवा निरर्थक बडबडीला. तस्कनीत बिनमिठाच्या पावाला 'पाने शोक्को' म्हणतात आणि 'शोक्को' म्हणजे मूर्खही. त्यातून मराठीसाठी काही वाट निघेल का?

प्रतिसाद १

ताई, शब्द एकटा बदलू नका, वाक्य बदला. आपण 'तिखटमीठ लावून सांगणे' म्हणतोच की. कवीने केलं तेच आहे. "माणसाने जरा तिखटमीठ लावून सांगितलं, तर तू अगदीच कशी गं अळणी!" असं केलंत तर अळणी आमटीकडे जाणार नाही, आणि खोटं त्याचं असून चिडतोय तिच्यावर, हेही वाचणाऱ्याला कळेल. 'गं'ने रागही येतो.

एक सावधगिरी: 'मिठाचा खडा' तिथे आणू नका. आपल्याकडे दुधात मिठाचा खडा पडला की बेत नासतो. ती करते तेच, पण मग मीठच दोषी ठरेल आणि कवितेचा अर्थ उलटेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! खड्याचा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता. तिखटमीठ घेतेच.

आता सुरुवातीचं उरलं. पहिल्या भेटीत 'इल्लेपिदुम नाही' आणि शेवटी 'इन्सुल्सा', हे एकाच बाईबद्दलचं फिरलेलं मत जोडीने दिसायला हवं. 'लेपिदुस'ला (मोहक, चतुर; 'इल्लेपिदुम' त्याच्या उलट) 'लाघवी' चालेल का? "तशी लाघवी वाटली, रूपही काही वाईट नव्हतं" असा खर्डा आहे. पण मूळचा दुहेरी नकार ('लाघवी नाही असं नाही') यात अर्धाच राहतो, आणि हातचं राखून केलेलं ते कौतुक मला हवं आहे. कुणाला अधिक बरं सुचतंय का?