पिस्तूल दुरुस्तीला न्यायचंय, नेमबाजीच्या रेंजचं एटीटी (बंदूक नेण्याची परवानगी) चालतं का? (कॅनडा)

नवखा_नेमबाज:
मंडळी, एक अडचण आलीये. ऑन्टारिओत असतो, 2022 च्या ऑक्टोबरात हँडगन फ्रीज (पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवरची बंदी) लागायच्या आधी घाईघाईने एक 9 एमएमचं पिस्तूल घेतलं होतं, तेवढंच एक आहे आणि आता दुसरं मिळायचं नाही म्हणून जिवापाड जपतो. गेले तीन रविवार पुंगळी नीट बाहेरच पडत नाहीये, दर दहा-बारा गोळ्यांना अडकतंच. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून बाहेर काढणारा भाग) गेला असणार. गनस्मिथ आहे पण दीड तासावर. क्लबातले एक आजोबा म्हणतात लायसन्सवर एटीटी असतंच की, रेंजवरून परस्पर जाऊन टाकून ये, आम्ही असंच करायचो. मला काही पटेना. आणि पोस्टाने पाठवता येतं का? बायको म्हणते असली वस्तू पोस्टात टाकणार, डोकं ठिकाणावर आहे ना?

प्रेरीकर:
आजोबा खोटं बोलत नाहीयेत, फक्त त्यांचं घड्याळ बंद पडलंय. 2015 मध्ये सी-42 कायदा आला तेव्हा लायसन्सबरोबरच एटीटी मिळायला लागलं आणि त्यात रेंजशिवाय गनस्मिथ, पोलीस, गन शो, बॉर्डर सगळं धरलेलं होतं. मग सी-71 आला, त्याचा हा भाग 7 जुलै 2021 पासून लागू झाला, आणि आपोआप मिळणाऱ्या एटीटीत तुझ्या प्रांतातले मान्यताप्राप्त क्लब आणि रेंज तेवढे राहिले (नवीन घेतलेली बंदूक घरी आणणं सोडून, पण फ्रीजनंतर त्याचा उपयोग काय). गनस्मिथसाठी आता प्रत्येक वेळी वेगळं एटीटी. फायरआर्म्स ॲक्टच्या सेक्शन 19 मध्ये दुरुस्ती हे कारण स्पष्ट लिहिलंय त्यामुळे नाही म्हणायचं काही कारण नसतं, पण मागावं लागतं. आरसीएमपीच्या (केंद्रीय पोलिसांच्या) फायरआर्म्स प्रोग्रामला फोन लाव, ते तुझ्या प्रांताच्या सीएफओकडे (चीफ फायरआर्म्स ऑफिसरकडे) देतात. लायसन्स नंबर, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणि गनस्मिथचा पत्ता हाताशी ठेव.

रेंजवरून परस्पर तर अजिबात जाऊ नकोस. रेंजचं एटीटी म्हणजे घर ते रेंज आणि रेंज ते घर, तेही सरळ वाटेने. वाटेत पोलिसाने थांबवलं आणि तू भलत्याच गावाकडे निघालेला दिसलास तर क्रिमिनल कोडचं सेक्शन 93 आहे, परवानगी नसलेल्या ठिकाणी बाळगणे. आजोबा येणार नाहीत सोडवायला.

नवखा_नेमबाज:
बापरे. बरं झालं विचारलं. म्हणजे पोस्टाने टाकलं तर एटीटीची कटकट वाचेल का?

बर्फातला_मावळा:
नाही वाचत रे, सगळे इथेच फसतात. रिस्ट्रिक्टेड बंदूक (जास्त निर्बंधांचा वर्ग, तुझं पिस्तूल त्यातच येतं) ठेवायची ती रजिस्टर केलेल्या घरात, बाहेर काढली की एटीटी, मग पोस्ट ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे का असेना. सीएफओकडे मागतानाच सांग की पोस्टाने पाठवणार आहे.

बाकी पोस्टाने पाठवणं कायदेशीर आहे हे वहिनींना सांग. पत्ता कॅनडातलाच हवा आणि कॅनडा पोस्टची सही घेऊन डिलिव्हरी होणारी सगळ्यात सुरक्षित सेवा हवी, साधं पार्सल नाही. प्रायव्हेट कुरिअरच्या भानगडीत पडू नकोस, बंदूक न्यायला त्यांच्याकडे स्वतःचं कॅरिअर लायसन्स लागतं आणि काउंटरवरच्या पोराला ते माहीत असेलच असं नाही. आणि गनस्मिथला टेस्ट करायला म्हणून गोळ्या त्याच खोक्यात टाकायच्या नाहीत, दारूगोळा पोस्ट घेतच नाही. एकाने खरंच विचारलं होतं मला, म्हणून सांगतोय.

मी असतो तर गाडीनेच नेलं असतं. समोर उभं राहून कुठे अडकतंय ते दाखवता येतं, चिठ्ठीत लिहून ते कळत नाही.

प्रेरीकर:
+1 गाडीला. नेताना मॅगझिन काढलेलं, चेंबर रिकामं, ट्रिगर लॉक लावलेला, आणि आतलं दिसणार नाही, सहज फोडता येणार नाही अशा पेटीत ठेवून पेटीला कुलूप. लॉक आणि पेटी दोन्ही लागतात हां, एकावर भागत नाही. गाडी सोडून कुठे जावंच लागलं तर पेटी डिकीत आणि डिकी लॉक. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि एटीटी तिन्ही जवळ ठेव. एटीटीवर परतीचा प्रवासपण आहे का आणि तारखा पुरतात का ते आधीच बघ, नाहीतर दुरुस्ती लांबली की वस्तू तिकडे आणि परवानगी संपलेली. तेवढ्यासाठी मला एकदा दुसरं एटीटी काढावं लागलंय.

रिकामी_पुंगळी:
उशिरा वाचलं. एक कोणी सांगितलं नाही, गनस्मिथकडे फायरआर्म्स बिझनेस लायसन्स आहे का आणि त्यात रिस्ट्रिक्टेडवर काम करायची परवानगी आहे का ते फोनवरच विचार. गॅरेजमध्ये हौसेने कामं करणारे हुशार लोक असतात पण तुझं एटीटी त्यांच्यासाठी निघणार नाही.

आणि तो म्हणाला बॅरलपण बदलून टाकू तर लांबी विचार. 105 मिमी किंवा त्याहून कमी झाली की पिस्तूल रिस्ट्रिक्टेड राहत नाही, प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी असलेलं, होतं. 4 इंच म्हणजे 101.6 मिमी, म्हणजे अमेरिकेत सर्रास मिळणारी बॅरल इथे घात करते. म्हणून तर कंपन्या कॅनडासाठी 106 मिमीची वेगळी बनवायच्या.

हिमवादळ:
माझी एआर-15 रायफल पण याच पद्धतीने नेता येईल का? आधी रिस्ट्रिक्टेडच होती.

प्रेरीकर:
होती. 1 मे 2020 पासून प्रोहिबिटेड आहे, जुन्या मालकांना सरकारने दिलेल्या माफीच्या मुदतीत दुरुस्ती बसत नाही. कुलपात ठेव आणि हात लावू नकोस.

नवखा_नेमबाज:
अपडेट देतो. फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकलं, पण बाई चांगल्या होत्या. गनस्मिथचं नाव-पत्ता घेतला, त्याचं लायसन्स त्यांनीच तपासलं, आणि मी येण्याजाण्यासाठी सहा आठवडे मागितलेत. आजोबांनाही सांगितलं, ते म्हणाले दर सरकारला काहीतरी नवीन सुचतं, आणि मग हळूच विचारलं, तो नंबर दे जरा.