मदत हवी आहे: सीएनसी शॉपमध्ये इन्सेन्टिव्ह नगावर द्यावा की सगळ्या शॉपला मिळून?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे कस्टमरचे धातूचे नग कातून देणाऱ्या एका शॉपचं प्रॉडक्शन मी बघतो. तीसेक माणसं, दोन शिफ्ट. दिवाळीनंतर ऑपरेटरला नगावर इन्सेन्टिव्ह द्यायचा मालकांचा विचार आहे: शिफ्टला २०० च्या वर जितके नग, तितके पैसे. पोरांच्या हातात चार पैसे जास्त पडावेत असं त्यांना मनापासून वाटतं. पण ही पद्धत आमच्या कामाला बसत नाही असं माझं ठाम मत आहे आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय आकड्यांसकट ठेवायचा आहे.

आमचा मुख्य जॉब घ्या. सायकल (मशीनला एक नग कापायला लागणारा वेळ) ९० सेकंद, जॉब काढून नवा लावायला २० सेकंद. चहा-जेवण वजा जाता शिफ्टला सव्वासात तास उरतात, म्हणजे मशीन एकदाही थांबलं नाही तरी २३७ नग. मग २०० चे २३० कुठून निघणार? गेजिंग (माप तपासणं) गाळून, इन्सर्ट (कापणारी धार) संपला तरी आणखी पन्नास नग ओढून, नाहीतर फीडचा ओव्हरराइड १२० वर, म्हणजे कापण्याची गती ठरल्यापेक्षा वीस टक्के वर नेऊन. त्याचा हिशेब नंतर कस्टमरच्या लाइन रिजेक्शनमध्ये (त्यांच्या लाइनवर नाकारून परत आलेल्या नगांत) येतो आणि तोवर नग कुठल्या शिफ्टचा होता ते कोणालाच सांगता येत नाही.

शिवाय सेटिंगला (नव्या जॉबसाठी मशीन लावायला) दोन तास गेले की ऑपरेटरचे नग बुडणार आणि तो सेटरवर चिडणार. इन्स्पेक्शनवाल्या ताईंनी पहिला नग अडवला की त्या वाईट. हेल्परला काहीच नाही. एसएस ३०४ (कापायला चिवट स्टेनलेस स्टील) चा जॉब तर कोणी घेणारच नाही, सगळ्यांना ईएन ८ (कापायला सोपं साधं पोलाद) चीच मशीन हवी.

माझा कच्चा आराखडा असा: प्रत्येक जॉबच्या एका नगाला किती मिनिटं लागावीत ते ठरवायचं. महिन्यात पास झालेल्या नगांची एकूण मिनिटं भागिले ऑपरेटरांची हजर मिनिटं. आज हे ७० टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला ठरावीक रक्कम, आणि ती सेटर, इन्स्पेक्शन, हेल्पर धरून सगळ्यांना हजेरीच्या प्रमाणात. रिजेक्ट नगाची मिनिटं दुप्पट वजा.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जो खरंच जीव तोडून काम करतो तो यात नाराज होईल का? एखाद्या महिन्यात कस्टमरनेच शेड्यूल कापलं तर काय? आणि दिवाळीच्या बोनसमध्ये हे वळतं करता येतं का?

प्रतिसाद (शिरोली, फाउंड्री)
आमच्याकडे गटालाच आहे, पास झालेल्या कास्टिंगच्या वजनावर. एक गोष्ट जपा: पैसे महिनाभर उशिरा द्या. ब्लोहोल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) मशिनिंगला गेल्यावरच दिसतो, तसं तुमचं लाइन रिजेक्शन. ते परत आल्याशिवाय नग पास धरू नका. नाराजीचं म्हणाल तर चांगल्या माणसाला पगारवाढ आणि सेटरची बढती द्या. गटाच्या पैशातून एकट्याचं कौतुक करायला गेलात की गट मोडतो. आणि हिशेब फळ्यावर रोज लिहा. माणसाला स्वतः बेरीज करता आली नाही तर ऑफिस पैसे कापतं असंच वाटत राहतं.

प्रतिसाद
बोनसचं आधी. तुमच्याकडे वीसपेक्षा जास्त माणसं आहेत, त्यामुळे पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो. १९६५ च्या कायद्यात ते होतं आणि वेतन संहितेतही आहे. इन्सेन्टिव्ह देतो म्हणून तो कमी करता येत नाही. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा आणि कन्सल्टंटला मसुदा दाखवा.

शेड्यूल कापण्यावर जुना उपाय आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात जोसेफ स्कॅनलन या पोलाद कामगारांच्या पुढाऱ्याने जी गट-योजना मांडली, ती पुढे राबवताना चांगल्या महिन्यातल्या रकमेचा साधारण पाव भाग राखीव ठेवत, वाईट महिना त्यातून भरून काढत आणि उरलेलं वर्षअखेर वाटत. तिचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात: कामगार आणि व्यवस्थापन यांची मिळून समिती, जी कामगारांच्या सूचना ऐकून अमलात आणते. ती नसेल तर ७० चे ७५ होणार कसे? जोर लावून होणार नाहीत, हे तुमचं २३७ चं गणितच सांगतंय. सेटिंगचे दोन तास कसे कमी करायचे ते सेटरलाच माहीत असतं.

आणि ठरलेली मिनिटं वर्षभर हलवू नका, हे लेखी द्या. लोकांनी ८० गाठले की मालक पाया ७० वरून ७८ करतात, मग पुढच्या वर्षी कोणी ७९ च्या वर जात नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. उशिरा पैसे, राखीव पाव आणि लेखी हमी, तिन्ही आराखड्यात घेतो. एकच अडलंय: वर्षाच्या मधे मालकांनी स्वतःच्या खर्चाने नवा फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) आणला आणि जॉब लावायच्या २० सेकंदांचे १२ झाले, तर फक्त त्या जॉबची मिनिटं बदलणं रास्त आहे ना? की ती सूचना ऑपरेटरची असेल तर जुनीच ठेवावीत? कोणी हे प्रत्यक्ष हाताळलं असेल तर सांगा, मालकांसोबत शनिवारी बसणार आहे.