मदत हवी आहे: भूऔष्णिक विहिरीची जागा उपग्रहचित्रावरून कशी काढायची?

घाईत_भूगर्भ: क्यूजीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तापमानाचा नकाशा काढला तर गरम पाण्याच्या झऱ्यापाशी काहीच नाही, शेजारचा जांभ्याचा अख्खा सडा मात्र लालभडक! जमिनीतली उष्णता वर आणायच्या विहिरीसाठी तीन जागा सुचवायच्यात, सोमवारी सरांना दाखवायचंय. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सह्यकडा: झरा कुठला? उपग्रह कुठला? महिना? दिवसाचं चित्र की रात्रीचं?

घाईत_भूगर्भ: तुरळ-राजवाडी, संगमेश्वर. लँडसॅट ८, बँड १० (उष्णता टिपणारा). मार्च. दिवसाचंच असतं ना?

सह्यकडा: तिथेच मेख आहे. लँडसॅट आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. तोवर उघडा जांभा तापलेला असतो. तुम्ही ऊन मोजताय. शिवाय त्या बँडचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा, फाईल ३० मीटरची दिसते इतकंच. त्यात एवढंसं कुंड कुठून दिसणार? अ‍ॅस्टरची (नासाच्या टेरा उपग्रहावरचं उपकरण, उष्णताही टिपतं) हिवाळ्यातली रात्रीची चित्रं घ्या.

पुगावाला: रात्रीच्या चित्रानेही कोकणात फार हाती लागणार नाही. लडाखात पुग्याला मी काम केलंय. तिथे ४४०० मीटरवर झाडी नाही, बोरॅक्स आणि गंधकाचे थर उघड्यावर पडलेत, चित्रात लगेच ओळखू येतात. तुमच्याकडे झाडी, जांभा, खाली बेसाल्ट. भेगा शोधा. कोकणातले झरे पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला साधारण समांतर लागतात, ते उगाच नाही. हिलशेडवर (उंचसखलपणा छायाप्रकाशात दाखवणाऱ्या नकाशावर) भेगांच्या रेषा काढा.

सह्यकडा: रेषा दहा जण दहा तऱ्हेने काढतात. रस्ता, गडगा, सगळं भेग म्हणून येतं.

पुगावाला: म्हणून तर प्रकाशाची दिशा बदलून हिलशेड काढायचे. सगळ्यांत टिकते तीच रेषा धरायची.

नारळीबाग: आमच्याकडे पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवली. भरपूर पाणी लागलं. नंबर देऊ का?

सह्यकडा: काका, प्रश्न बागेच्या पाण्याचा नाही.

नारळीबाग: पाणी ते पाणीच. बरं, राजापूरची गंगा आली का हो?

घाईत_भूगर्भ: गंगा राहू द्या! तीन जागा कशा देऊ?

पुगावाला: जागा नका देऊ, पट्टा द्या. रेषा एकमेकींना छेदतात आणि जवळ झरा आहे, तो भाग. उपग्रहाला जमिनीचा वरचा पापुद्राच दिसतो. खालचं तापमान झऱ्याच्या पाण्यातल्या सिलिकावरून अजमावतात, आणि ड्रिलिंगआधी प्रतिरोधकता सर्वेक्षण (जमिनीत वीज किती अडते ते मोजून खालचा अंदाज घेणं) हवंच. सरांना हेच सांगा.

घाईत_भूगर्भ: ठीक. रात्रीचं अ‍ॅस्टर कुठे मिळेल?

सह्यकडा: नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर, खातं फुकट आहे. ढग आधी तपासा. आणि रात्री नदीचं पाणीही जमिनीपेक्षा गरम दिसतं, तेव्हा नदीचं पात्र आधी वेगळं काढा.