जत्रा, उत्सव, बहर: कधी पोचलात आणि काय दिसलं? (अनुभव धागा)

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड (बैलांनी ओढायचा नवसाचा गाडा) बघायचं म्हणून पुण्याहून पहाटे निघालो आणि सकाळी ऐन गावात पोचलो. गाव रिकामं. देवळापाशी चार माणसं, एका ओट्यावर एक आजी. मी जागा धरून बसलेला बघून आजी म्हणाल्या, "बगाड शिवारात हाय, तू हितं काय राखतोयस?"

बगाड निघतं कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून आणि गावात येतं ते दिवस कलल्यावर. मधला सगळा प्रवास शेतांतून. मला वाटलं होतं, बावधनचं बगाड म्हणजे बावधनात! मग ढेकळं तुडवत उलट्या दिशेनं गेलो. आधी हलगी ऐकू आली, मग धुरळा दिसला, मग त्या धुरळ्याच्या वर उंच शिडाला, म्हणजे गाड्यावरच्या लांब लाकडाला, टांगलेला बगाड्या. होळीच्या रात्री भैरवनाथाचा कौल लावून निवडलेला नवसाचा माणूस. खाली बैलांच्या जोड्यांमागं जोड्या. एका शेतातले बैल दमले की पुढचे जुंपायचे, आणि तेवढा वेळ सगळा गाडा थांबलेला. मला त्या थांबण्यातच जास्त मजा आली. बैलांच्या तोंडावर पाणी मारणारी, दोर तपासणारी, एकमेकांवर खेकसणारी माणसं तेव्हाच नीट दिसतात.

तेव्हापासून हा धागा काढायचा मनात होतं. महाराष्ट्रातली कुठलीही जत्रा, उत्सव किंवा हंगामी बहर चालेल. कुठे गेलात, कधी पोचलात आणि फोटोत न येणारं काय पाहिलंत ते लिहा. फसलेली फेरी असेल तर आधी ती लिहा. "अप्रतिम, एकदा तरी जावंच" एवढ्यावर भागवू नका.

संगमेश्वरची सून

लग्नानंतरचा पहिला शिमगा. ऑफिसात पौर्णिमेची सुट्टी टाकली आणि सासूबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "अगो, आपले तेरसे शिमगे!" म्हणजे आमच्या गावचा होम त्रयोदशीला आणि खाडीपलीकडच्या गावाचे भद्रेचे, म्हणून त्यांचा पौर्णिमेला. दोन गावांत हाकेचं अंतर आणि शिमगा वेगळा. साहेबांना हे समजावताना माझीच त्रेधा उडाली. "होळी तर परवा आहे ना?" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला.

बाहेरून येणारे लोक होम बघतात, पालखी नाचवतानाचे व्हिडिओ काढतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. खरा शिमगा त्यानंतर सुरू होतो, ग्रामदेवता घरोघर जाते तेव्हा. आमच्याकडे पालखी संध्याकाळी सहाला येणार होती. सातला कळलं, वरच्या वाडीत आहे. नऊलाही वरच्याच वाडीत. अकराला "निघाली, निघाली" झालं आणि ती मधल्या वाडीत शिरली. अंगण सारवलेलं, रांगोळी दोनदा काढून झालेली (पहिली कोंबड्यांनी नेली), ओटीचं ताट झाकून ठेवलेलं. सासूबाई उपाशी. मी मनातल्या मनात वैतागलेली.

अडीच वाजता ढोल ऐकू आला. झोपलेल्या पोरांना बकोटी धरून उठवलं. पालखी अंगणात नाचली, मग ओटीवर बसली. वर्षभर ज्या देवीला आपण भेटायला जातो ती आपल्या घरी येऊन बसलेली. ओटी भरून झाल्यावर गावकार गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मुंबईच्या दिराची नोकरी, सासऱ्यांचे गुडघे, दोन वर्षं न लागलेला आंबा, सगळं एकेक करून देवीच्या कानावर घातलं. प्रत्येक वाक्याला मागून "व्हय म्हाराजा!" आणि मग, "ह्या घरात नवी सून इली हा, तिका सांभाळून घे." मागून परत वीस-पंचवीस आवाज, "व्हय म्हाराजा!"

मला तोवर त्या घरात कुणी एवढ्या अधिकृतपणे दाखल करून घेतलं नव्हतं.

जाणार असाल तर कुणाच्या तरी घरचे पाहुणे म्हणून जा आणि दुपारी झोप काढा.

रात्रपाळी

भंडारदऱ्याचे काजवे. पहिल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. धो धो पाऊस, धुकं, गरम भजी. काजवा एकही नाही. मुतखेलच्या बाजूला एका घरी जेवलो, तिथल्या दादांनी समजूत काढली, "पाऊस लागून राहिला की संपलं. तुम्ही वळवाच्या टायमाला या."

पुढच्या वर्षी मेअखेरीस गेलो. अभयारण्याची पावती फाडली, अंधार पडायची वाट पाहिली. आधी चार-दोन ठिपके. मग एक अख्खं सादड्याचं झाड पेटलं आणि विझलं. परत पेटलं. शेजारचा हिरडाही त्याच तालात आला. ती लुकलुक नव्हतीच, झाड श्वास घेतंय असं वाटत होतं. उजेड पाडत उडणारे बहुतेक नर असतात आणि माद्या खाली गवता-झुडपांतून उत्तर देतात, हे तिथल्या वाटाड्या पोरानं सांगितलं. मी पायाखाली बघायला म्हणून बॅटरी लावली तर तो म्हणाला, "बंद करा ना. ते घाबरत नाहीत, पण मग त्यांना एकमेकांचं दिसत नाही."

एवढ्यात मागून गाड्यांची रांग आली, हेडलाइट फुल. झाडं विझल्यासारखी झाली. जवळच्या एका तंबूवाल्यानं स्पीकर लावले होते, तेही रात्री साडेबारापर्यंत. शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी जा, रजा टाकून जा.

सोलापूरकर

आमच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला बाहेरचे लोक येतात आणि होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ बघून "छान होती जत्रा" म्हणतात. बाबांनो, तो जत्रेचा बाजार झाला. जत्रा म्हणजे लग्न आहे.

कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायला परवानगी दिली, अशी कथा. म्हणून संक्रांतीच्या सुमारास हळद, लग्न, होम, सगळं क्रमानं होतं. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज शहरभरच्या 68 लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात. दुसऱ्या दिवशी, 14 जानेवारीच्या सुमारास, तळ्याकाठी सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. मग होम, मग शोभेचं दारूकाम. धाग्यात बाकीच्यांची तिथी-पौर्णिमेची भानगड चालली आहे. आमचं लग्न सूर्यावर ठरतं, रजा आत्ताच टाकून ठेवता येते.

माझा चुलतभाऊ नंदीध्वज पेलतो. पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा, कमरेच्या पट्ट्यात ती उंचच उंच काठी. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून रोज रात्री सराव असतो. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचो. तिथं सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे "सावकाश". मिरवणुकीत मात्र "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" सुरू झालं की अंगावर काटा येतो, दरवर्षी येतो.

कट्ट्यावर सम्मती (आमची मंगलाष्टकं) वाचतात, "सत्यम सत्यम" झालं की लाखभर हात एकदम वर जातात आणि अक्षता पडतात. सोहळा काही मिनिटांचा. त्यासाठी सकाळपासून पायऱ्यांवर बसलेल्या बायकांना विचारा, त्या सांगतील की एवढ्यासाठीच आलो. माझी आत्या लग्नाला यावं तशी ठेवणीतलं लुगडं नेसून येते आणि घरी जाताना "लग्न बाई छान झालं" म्हणते. मुलाकडचे की मुलीकडचे, हे तिला आम्ही अजून विचारलेलं नाही.

इतवारीचा

नागपूरचं लिहिलं नाही कोणीच? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. इकडं पोरं लाकडी नंदीबैल घेऊन तान्ह्या पोळ्याला दारोदार, तिकडं जुन्या नागपुरातून काळी आन् पिवळी मारबत, म्हणजे भले मोठे पुतळे, मिरवत निघते. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" सोबत बडगे, तेही पुतळेच. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, ज्याच्यावर गावाचा राग त्याचा बडग्या. मी पाचवीत असताना गणिताचा बडग्या करा म्हणून मंडळात अर्ज दिला होता. नामंजूर झाला.

पठारावरून परत आलेला

कास. सप्टेंबर, आगाऊ बुकिंग, तरीही निराश. कारण माझ्या डोक्यात गालिचा होता आणि समोर धुकं, कुंपण, सेल्फी. परत फिरणार होतो तर एक वनस्पतीवाले गुरुजी विद्यार्थ्यांसह खाली वाकलेले दिसले. त्यांच्यामागं मीही वाकलो. सीतेची आसवं नखाएवढी असतात, आणि त्यांच्या पिशव्या किडे पकडून खातात, हे उभ्यानं कळायचं कसं? पठार गुडघ्यांवर बघायचं. वाटेवरूनच, आत न शिरता.

(धागाकर्ता) सोलापूरकर, आत्याबाईंना नमस्कार सांगा. वारीचं कुणी लिहाल का?

अर्धा दिवस वारकरी

लिहितो, पण मी पंढरपूरपर्यंत गेलेलो नाही. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं गोल रिंगण बघायला गेलो होतो. उंच जागा हवी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलो. आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी. घोडा शेवटी, आणि तो सुटला की सगळं पापणी लवायच्या आत. माझ्या मोबाइलमध्ये घोड्याची फक्त शेपटी आहे.

लक्षात राहिलं ते दुसरंच. रिंगण मोडल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. त्या गर्दीत एका आजींनी त्यांचं तुळशीवृंदावन सरळ माझ्या हातात दिलं, "माउली, येवढं धरा, माझी चप्पल गेली." आणि त्या शोधायला गेल्या. आता हातात तुळस, म्हणजे मी वारकरी! येणारा-जाणारा वाकून पाया पडायला लागला. एक पोलीसदादा पडले. मी अवघडून उभा, तुळस खाली ठेवायची सोय नाही. आजी दहा मिनिटांनी आल्या, एका पायात त्यांची, दुसऱ्या पायात भलत्याचीच. वृंदावन डोक्यावर घेतलं आणि चालू लागल्या. नाव-गाव विचारायचं राहिलं.

दादरचा मालवणी

आमच्या आंगणेवाडीची तारीख विचारणारे तीन मेसेज आले म्हणून लिहितो. कॅलेंडरात शोधू नका, नसते. भराडी देवीचा कौल घेतात, आधी पारधीचा (शिकारीचा), मग तारखेचा. बहुधा फेब्रुवारी-मार्चात पडते. तारीख फुटली की रेल्वेच्या जादा गाड्या जाहीर होईपर्यंत मुंबईतला अर्धा मालवण तालुका फोनवर असतो.

जत्रा दीड दिवसाची. रांगेत ऊन लागतं. रात्री आंगण्यांच्या घरांतल्या बायका न बोलता देवीचं अन्न रांधतात. एवढ्या गोंगाटात तेवढीच घरं गप्प असतात आणि बाहेर उभं राहूनही ते जाणवतं. मग प्रसादाला जी झुंबड उडते तिच्यात मी एकदा चष्मा गमावला आहे. परतताना खाजं घ्यायचं, नाहीतर शेजारी विचारतात, गेलात होता ना नक्की?

यंदाची तारीख अजून पडलेली नाही. बाबांची बॅग मात्र दिवाळीनंतर माळ्यावरून उतरली ती दाराशीच आहे. आई दर शनिवारी ती उचलून खालची फरशी पुसते आणि परत तिथंच ठेवते.